बाप्पा निशिकासाईकर

पुण्यात होते तोवर मला संस्कृती नव्हती. गणपतीचे दहा दिवस मी खिडक्या लावून, कानांत कापूस घालून आणि ढोलपथकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत काढायचे. समोरच्या काकू आरतीला बोलवायला आल्या की ‘आज डोकं फार दुखतंय हो’ हे माझं ठरलेलं उत्तर असे, आणि खाली ढोल चालू असल्यामुळे ते खोटंही नसे. मोदक सासूबाई करायच्या, मी खायचे. एवढीच माझी धार्मिक जबाबदारी होती आणि ती मी निष्ठेने पार पाडत असे.

मग नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही टोकियोला आलो आणि कावीळ व्हावी तशी मला संस्कृती झाली. जिकडे तिकडे पिवळंच दिसायला लागलं: झेंडू, हळद, पीतांबर. भेटेल त्याला धरून आपली परंपरा समजावून सांगावी अशी उबळ येऊ लागली. जिने आयुष्यात रांगोळीचा एक ठिपका नीट काढला नव्हता ती मी दाराबाहेर ठिपक्यांची रांगोळी घालून बसले. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सफाईवाल्या काकांनी ती पुसली आणि वर माझीच माफी मागितली. आदल्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे आमच्या दारात रात्रभर घाण राहिली, याबद्दल.

आम्ही राहतो ते निशिकासाई म्हणजे टोकियोच्या एदोगावा वॉर्डातली वस्ती. २००० साल उजाडताना जगभरचे संगणक कोलमडणार अशी घबराट उडाली होती, त्या सुमारास भारतातून बरेच अभियंते इथे आले. तोझाई लाइनने थेट बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या भागात उतरता येतं म्हणून त्यांनी इथे घरं घेतली. संगणकांना काही झालं नाही, अभियंते मात्र राहिले. आता स्टेशनाबाहेर दोन मिनिटं उभं राहिलं की कढीपत्ता कुठे ताजा मिळतो यावर तीन भारतीय भाषांतला वाद फुकट ऐकायला मिळतो.

त्यामुळे आपल्या लोकांना गणपती दाखवण्यात काही राम नाही. त्यांना सगळं माहीत असतं आणि शिवाय चुका दिसतात. गणपती दाखवावा तर जपानी माणसाला.

“शनिवारी शेजाऱ्यांना आरतीला बोलवू या,” मी जाहीर केलं.

“त्यांना काय सांगणार?” नवरा म्हणाला.

“आपली परंपरा.”

“तुला माहितीये?”

असल्या प्रश्नांमुळेच आपल्याकडे परंपरा बुडत चालल्या आहेत.

त्या वर्षी, म्हणजे २०२३ ला, चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. आदल्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी फुलं आणायला सुपरमार्केटमध्ये गेले. दारातच शेवंतीच्या जुड्यांचा ढीग. पांढरी, पिवळी, जांभळी, मागे हिरवं पान, वर प्लॅस्टिकचा कागद, किंमतही बेताची. आपल्या सणाची किती दखल घेतात हे लोक, असं वाटून ऊर भरून आला. चार जुड्या उचलल्या, शेजारच्याच फळीवरून उदबत्तीचा मोठा पुडा घेतला, आणि घरी निघाले. लिफ्टमध्ये शेजारच्या आजी भेटल्या. त्यांनी आधी फुलांकडे पाहिलं, मग उदबत्तीकडे, मग माझ्याकडे, आणि नेहमीपेक्षा बऱ्याच खाली वाकल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हा कोणी सांगितली नव्हती. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात जपानात ‘हिगान’ असतो, आपल्या पितृपंधरवड्याच्या जवळपास जाणारा. लोक घराण्याच्या कबरींवर जातात, त्या झाडून-पुसून फुलं वाहतात. शेवंतीच्या त्या जुड्या त्याचसाठी बांधलेल्या असतात. आणि उदबत्ती लावतात ती बहुतेक गेलेल्या माणसांसाठी.

“कोणी आपलं...?” आजींनी हळूच विचारलं.

माझं जपानी क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर दम तोडतं, पण उत्साह दांडगा. मी म्हटलं, “हो! उद्या येतात.”

“येतात?”

“दरवर्षी येतात. पाच दिवस राहतात.”

आजींचा चेहरा उजळला. “आणि मग?”

“मग आम्ही त्यांना पाण्यात सोडतो.”

“अस्सं, अस्सं,” आजी मान डोलावत म्हणाल्या. “येतात कशावरून?”

प्रश्न जरा खोलातला होता, पण उत्तर मला येत होतं. “उंदरावरून.”

आजींनी क्षणभर विचार केला. “आम्ही काकडीचा घोडा करतो,” त्या म्हणाल्या. “परत जाताना वांग्याची गाय.”

मला काही कळलं नाही. न कळलेल्या प्रत्येक जपानी वाक्याला मी देते तेच हसू दिलं आणि शनिवारचं आमंत्रण देऊन टाकलं. उन्हाळ्यातल्या ओबोनमध्ये जपान्यांचे पितर घरी येतात, थोडे दिवस राहतात, त्यांना आणायला काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा ठेवतात आणि सावकाश परत जावं म्हणून वांग्याची गाय, काही ठिकाणी निरोपाचे कागदी दिवे पाण्यावर सोडतात, हे सगळं मला मुलीने रात्री सांगितलं. ती इथल्या शाळेत जाते, तिला दोन्हीकडचं कळतं आणि दोन्हीकडची लाज वाटते. “आई, त्यांना वाटतंय आपले आजोबा येणारेत,” ती म्हणाली. तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर चिपळूणहून सासूबाई अवतरल्या आणि विषय दूर्वांकडे गेला.

“एकवीस हव्यात. तीन पात्यांच्या. बाजारच्या नकोत.”

बाजारच्या दूर्वा निशिकासाईत मिळतही नाहीत. पण आराकावा नदी चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिच्या बांधावर गवत मुबलक. चतुर्थीच्या सकाळी सहाला मी तिथे उकिडवी बसून तीन पात्यांची कोवळी टोकं खुडत होते, तेव्हा डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल असे एक काका येऊन उभे राहिले. परक्या बाईने सार्वजनिक जागेतलं गवत चोरणं हा जपानात काय दर्जाचा गुन्हा असेल याचा मी अंदाज बांधू लागले. काका माझ्या मुठीतल्या दूर्वांकडे बघत राहिले. मग कमरेत वाकून “गोकुरोसामा!” म्हणाले. म्हणजे, कष्ट घेताय, आभारी आहोत. पाठीवरच्या पिशवीतून त्यांनी मला सुती हातमोज्यांचा जोड दिला, कचऱ्याची पारदर्शक पिशवी दिली, एक छोटा विळा दिला, आणि शेजारी बसून स्वतःही गवत उपटायला लागले.

इथे मोहल्ल्याची मंडळं ठरवून गवत काढतात. काकांना मी त्यातलीच एक वाटले, आणि सकाळी सहाला आलेली एकटी स्वयंसेविका म्हणून त्यांना माझं फारच कौतुक वाटलं. ते गैरसमजातून बाहेर यावेत एवढं जपानी माझ्याकडे नव्हतं. तासाभराने बांधाचा एक पट्टा लख्ख झाला आणि माझी पूजेची वेळ टळत आली. एकवीस दूर्वा मी हातमोज्यात लपवून आणल्या. काकांनी जाताना थंड चहाची बाटली दिली. त्यांचा विळा अजून आमच्याकडेच आहे, आणि पुढच्या वर्षी तो परत द्यायला जायचं म्हणजे पुन्हा बांध साफ करणं आलं.

मोदकांचं दुःख मात्र सविस्तर सांगितलंच पाहिजे.

चतुर्थीचा नैवेद्य आम्ही साखर-खोबऱ्यावर भागवला होता, शनिवारी मात्र माणसं यायची होती. भारतीय दुकानातली तांदळाची पिठी गणपतीच्या आठवड्यात संपते, कारण टोकियोतल्या प्रत्येक मराठी बाईला त्याच आठवड्यात संस्कृती होते. जपानी दुकानात मात्र तांदळाच्या पिठांची अख्खी भिंत आहे. ज्या देशाने शेकडो वर्षं भातच खाल्ला त्याच्या पिठावर काय अविश्वास दाखवायचा, अशा विचाराने मी सगळ्यात पांढरंशुभ्र, सगळ्यात महाग पाकीट उचललं. पाकिटावर गोल गोल पांढऱ्या गोळ्यांचं गोंडस चित्र होतं.

उकड काढली. सासूबाई फोनवरून बघत होत्या. “किती छान लवचीक आलीय गं!” त्या म्हणाल्या. चौदा वर्षांच्या संसारात माझ्या स्वयंपाकाबद्दल त्यांनी काढलेला पहिला उद्गार. पारी अशी वळत होती की मला स्वतःचाच हेवा वाटला. कळ्या पडल्या, आणि पडल्या त्या उभ्या राहिल्या. भारतीय दुकानात गूळही संपला होता, तर ओकिनावाची काळी साखर घातली होती, तिचा वास थेट काकवीचा. फोटो काढून मी मैत्रिणींना पाठवलेसुद्धा.

दहा मिनिटांनी मोदकपात्राचं झाकण उघडलं. आत मोदक नव्हते. आत एक मोदक होता. मोदकपात्राच्या व्यासाचा, सपाट, चकचकीत, मधूनमधून सारणाचे काळे डाग. तो उचलायला गेले तर तो उठला, माझ्याबरोबर हातभर वर आला, आणि मग खालचा भाग परत जाऊन पात्रात बसला. एक टोक उलथन्याला, एक पात्राला, मध्ये मी.

“हे काय आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“मोची,” मुलगी मागून म्हणाली. “आई, तू चिकट तांदळाचं पीठ आणलंस. मोदकाला जोशिन्को लागतं. ते साध्या तांदळाचं असतं.”

“तू आधी का नाही सांगितलंस?”

“तू फोटो पाठवत होतीस.”

जोशिन्को आणून पुन्हा घाट घातला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. ते मोदक बरे झाले. कळ्या कमी आल्या, पण निदान एकेकटे राहिले. पहिला महामोदक नवऱ्याने कात्रीने कापून तीन दिवस डब्यात नेला, आणि त्याच्या ऑफिसात तो भारतीय मोची म्हणून इतका गाजला की अजून लोक कृती मागतात.

शनिवारी २३ तारीख. हिगानचा मधला दिवस, जपानात सुट्टीचा. चार वाजता बेल वाजली. दारात शेजारचे आजी-आजोबा, दोघंही काळ्या कपड्यांत. सकाळी स्वतःच्या पितरांकडे जाऊन आले होते, आता आमच्या. आजींच्या हातात ओहागी होते, म्हणजे चिकट भाताचे गोळे आणि वरून लाल चवळ्यांसारख्या कडधान्याचं गोड पुरण. हिगानला पितरांना हेच ठेवतात. आजोबांच्या हातात पांढरं पाकीट.

“त्यांना गोड आवडायचं का?” आजींनी चपला काढता काढता विचारलं.

“फार,” मी म्हटलं. मुलगी स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली होती, नाहीतर पुढचं टळलं असतं.

“तब्येत?”

“पोट मोठं.”

“हं,” आजोबा आपल्या पोटाकडे बघत गंभीर झाले. “शेवटी तेच होतं.”

मग ती दोघं आत आली आणि मखरापुढे उभी राहिली. पुठ्ठ्याचं मखर, त्यात शाडूचा वीतभर गणपती, मागे लुकलुकती माळ. खोलीत एकदम शांतता पसरली. सोंडेकडे बघून आजोबांनी पाकीट अगदी हळू कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं. आता मी परंपरा समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आजी पुटपुटल्या, “शोतेन-सामा!” आणि त्यांनी मान खाली घातली, ती काही वर करेनात.

“तुम्हाला माहितीयेत?” मी जवळजवळ किंचाळले.

माहितीयेत म्हणजे! टोकियोतच असाकुसाला मात्सुचियामाच्या टेकडीवर शोतेन-सामांचं देऊळ आहे आणि आजींच्या माहेरची मंडळी तिथे पिढ्यान् पिढ्या जातात. हत्तीच्या तोंडाचा हा देव आपल्याकडूनच निघाला, चीनमार्गे नवव्या शतकात शिंगोन पंथाबरोबर जपानात पोचला आणि कांगितेन किंवा शोतेन होऊन स्थायिक झाला. पुजारी मंत्र म्हणत मूर्तीला तेलाचं स्नान घालतात, म्हणजे अभ्यंगसुद्धा चालू आहे. क्योतोत त्याच्या नावाची तळलेली पुरचुंडी मिळते, वर चुण्या पाडलेली, आत लवंग-दालचिनी घातलेलं पुरण. चित्र पाहिलंत तर तळणीचा मोदकच. शिवकाळातल्या कसब्याच्या गणपतीला आपण ग्रामदैवत म्हणून पहिला मान देतो. त्याच्या आठेकशे वर्षं आधी हा गृहस्थ इकडे येऊन तेल लावून बसला होता. लोकमान्यांच्या १८९३ ची तर बातच सोडा. आणि मी निघाले होते त्याची ओळख करून द्यायला.

“पण तुम्ही खाली का बघताय?”

आजींनी मुलीच्या कानात सांगितलं. शोतेन-सामांची मूर्ती कोणी बघायची नसते. ती बंद असते. देव पावतो, पण कडक आहे, बोललेला नवस विसरला तर खैर नाही. एवढी वर्षं जाऊनही त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही. “असं उघड्यावर ठेवलेलं त्यांना चालतं का?” हे विचारताना त्यांचा आवाज खरोखर घाबरलेला होता. त्याच वेळी त्यांच्यामागे आमच्या मजल्यावरचं एक गुजराती जोडपं गणपतीच्या खांद्याला खांदा लावून सेल्फी काढत होतं आणि “जरा दिवा इकडे घ्या ना” म्हणत होतं.

हळूहळू खोली भरली. मुलीचा वर्गमित्र आणि त्याची आई, जी नर्स आहे, चेन्नईच्या काकू, नवऱ्याच्या ऑफिसातले कोलकात्याचे एक दादा. आता तरी गोष्ट सांगू या म्हणून मी जन्मकथा काढली. अंगाच्या मळाचा मुलगा, दारावर पहारा, महादेवांचा राग, मस्तक उडालं, हत्तीचं बसवलं. मुलगी दुभाषी. मी जिथे भावविवश होत होते तिथे ती दोन शब्दांत आटपत होती.

वर्गमित्राने हात वर केला. “जुनं डोकं कुठे टाकलं?”

ज्या देशात बाटली, तिचं झाकण आणि तिच्यावरचा कागद वेगवेगळा टाकतात तिथे वाढलेल्या मुलाचा हा अगदी रास्त प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवरा छताकडे बघत होता. शेल्फला टेकवलेल्या फोनमधून सासूबाई कडाडल्या, “उत्तराखंडात पाताळ भुवनेश्वर म्हणून गुहा आहे, तिथे आहे म्हणतात. आमची बस गेली होती. पायऱ्या फार निसरड्या.” मुलीने सगळं सांगितलं, पायऱ्यांसकट. मुलाचं समाधान झालं. डोकं योग्य जागी टाकलेलं होतं.

“यांचं लग्न झालंय?” त्याच्या आईने सहज विचारलं, आणि भारताची एकात्मता धोक्यात आली.

“हो, दोन बायका. ऋद्धी आणि सिद्धी,” मी म्हणाले.

“छे छे, ब्रह्मचारी!” चेन्नईच्या काकू म्हणाल्या. “लग्न धाकट्या भावाचं झालंय. त्याच्याच दोन बायका.”

“आमच्याकडे केळीच्या झाडाशी झालंय,” कोलकात्याचे दादा शांतपणे म्हणाले. “दुर्गापूजेत लाल काठाची साडी नेसून शेजारीच उभी असते. आणि तुम्ही याला एकट्याला का आणलंत? आई कुठेय?”

“गौरी आल्या होत्या ना, याच आठवड्यात...”

“त्या आई की बहिणी?”

यावर आमच्याच घरात दोन मतं आहेत. फोनमधून तिसरं आलं. नर्सबाई वहीत लिहून घेत होत्या. त्यांनी पेन थांबवून आजींकडे पाहिलं. आजी खालीच बघत म्हणाल्या की मूर्ती दिसत नसली तरी शोतेन-सामा जोडप्याने आहेत, एकमेकांना मिठी मारून, असं म्हणतात. नर्सबाईंनी तेही लिहून घेतलं. एकूण देव किती, हे विचारल्यावर नवऱ्याने छाती काढून तेहतीस कोटी सांगितलं. जपानात ऐंशी लाख म्हणायची पद्धत आहे. आजोबांनी बोटांवर हिशेब केला आणि हार मान्य केल्यासारखी मान लववली. दिवसभरातली आमची ती एकमेव निर्भेळ सरशी.

मग आरती. नवऱ्याला पहिली आरती पाठ आहे, दुसरी अर्धी, तिसरीपासून तो शेवटचा शब्द पकडतो. पण विठ्ठलाच्या आरतीत ती एक ओळ दम संपेपर्यंत लांबवायची असते, तिथे तो राजा. त्याने डोळे मिटले, मान मागे टाकली, आणि सूर लावला. चेहरा लाल झाला, मग जांभळट. मानेच्या शिरा फुगल्या. आम्ही कौतुकाने टाळ्या वाजवतोय तोवर नर्सबाई वही टाकून उठल्या, त्यांनी त्याला मागून धरून खाली बसवलं आणि मनगट पकडून घड्याळ बघायला लागल्या. सूर तुटला. “नाडी ठीक आहे,” त्या म्हणाल्या.

घाईघाईत मी कापूर पेटवला. पुण्याहून आणलेला होता, वड्या मोठ्या होत्या, आणि गोंधळात जास्तच पडल्या. जपानी घरांत छताला आगीची सूचना देणारं यंत्र सक्तीचं असतं आणि आमचं बोलकं आहे. “काजी देस! काजी देस!” म्हणजे आग लागली, आग लागली, असं ते बाईच्या आवाजात, पण अत्यंत सभ्यपणे ओरडू लागलं. आपल्या लोकांनी आरतीचा आवाज वाढवला. यंत्रानेही वाढवला. वर्गमित्राला शाळेत शिकवलं होतं ते त्याने तंतोतंत केलं: तोंडावर रुमाल धरला, वाकून चालत बाहेर गेला, आणि जाताना चपला नीट लावून गेला. नवरा खुर्चीवर चढून यंत्राला पंख्याने वारा घालू लागला. चेन्नईच्या काकूंना वाटलं देवाला चवरी ढाळतोय, त्यांनी हात जोडले. फक्त आजी डोळे मिटून कापराचा वास घेत शांत बसल्या होत्या. त्यांच्या आईच्या किमोनोंच्या कप्प्याला हाच वास यायचा. कसर लागू नये म्हणून ठेवत.

विसर्जनाचं थोडक्यात सांगते. नदीत सोडायचा नाही हे आम्हाला कळत होतं, म्हणून न्हाणीघरात बादली. नवऱ्याचं कोपर भिंतीवरच्या बटणाला लागलं आणि शेजारचा टब आपोआप गरम पाण्याने भरत राहिला. आम्ही डोळे पुसत ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतोय आणि भिंतीतून गोड धून वाजून घोषणा झाली की स्नानाचं पाणी तयार आहे. आजोबांना हा आमच्या विधीचा भागच वाटला. एवढ्या लांब परत जायचं तर आधी आंघोळ हवीच, असं ते म्हणाले. शाडूची माती उरली, तर इथला कचराविभाग माती घेत नाही. ती आजींच्या गॅलरीतल्या कुंड्यांत गेली.

प्रसादाचे पाच मोदक मी आजींना स्टीलच्या डब्यातून घरी दिले. खरा सण तिथून सुरू झाला.

आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान साखरेची चिमूट तरी. जपान्यांकडे भेट मिळाली की परतभेट द्यावीच लागते. हे दोन नियम आपापल्या देशांत निरुपद्रवी आहेत. ते एकाच मजल्यावर आणू नयेत. चार दिवसांनी डबा परत आला, त्यात नाशी, म्हणजे इथली सफरचंदासारखी गोल पेरं. डबा आता आमच्याकडे होता, पण पेरं आजींची होती, म्हणजे फिटंफाट झाली का नाही? “नाही,” सासूबाई म्हणाल्या. चिवडा गेला. चिवड्याच्या बदल्यात चेस्टनटचा भात. भाताच्या बदल्यात दिवाळीचा अख्खा फराळ. आजोबांना चकली इतकी आवडली की त्यांनी तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचे चार प्रकार पाठवले, तुलनेसाठी. मग गाजरहलवा, मग संत्री. डिसेंबरात मला स्वप्नात तो डबा दिसायला लागला. नवऱ्याने सुचवलं की डबा त्यांच्याकडे असताना आपण घर बदलू.

सात जानेवारीला मात्सुचियामाच्या देवळात मुळ्याचा उत्सव असतो. शोतेन-सामांना वाहायचा तो मुळाच. देवळात जागोजागी दोन मुळ्यांची खूण कोरलेली आहे. आजी तिथून देवापुढचा मुळा प्रसाद म्हणून घेऊन आल्या, माझ्या दंडाएवढा. तो डब्यात मावेना, म्हणून त्यांनी रेशमी रुमालात मुळ्याच्या पोटाशी डबा बांधला होता.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन.

“गणपतीला मुळा?” त्या म्हणाल्या.

“हो आई. इथे तसंच आहे.”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांच्या सोवळ्यात हे कुठे बसवायचं याचा विचार चालला असावा. “असेल बाई,” अखेर म्हणाल्या. “एवढी वर्षं तिकडे राहिला, मिळेल ते खाल्लं असेल. काय केलंस मग त्याचं?”

“पीठ पेरून भाजी.”

“देवाला दाखवलास?”

“दाखवला.”

“आणि त्यांना दिलीस?”

“दिली ना, गरम गरम.”

“त्याच डब्यातून?”

“...हो.”

“कसं गं होणार तुझं! भाजी उद्या सकाळी संपते. लोणचं घालून दिलं असतंस तर डबा रिकामा व्हायला महिना तरी गेला असता.”